इंग्रजी ‘स्टोक’ वापरायचं कसं : विस्तवापासून बातमीपर्यंत

इंग्रजी बातम्या नियमित वाचायला लागलं की एक क्रियापद पहिल्या आठवड्यातच समोर येतं. कुणाच्या भाषणाने दोन देशांमधला तणाव ‘स्टोक’ केला, एखाद्या अहवालाने मंदीची भीती ‘स्टोक’ केली, जोराच्या वाऱ्याने वणवा ‘स्टोक’ केला. पुढच्याच पानावर एखादा खेळाडू म्हणतो, ‘आय अ‍ॅम सो स्टोक्ड!’ आणि त्याचा कशालाही आग लावण्याचा विचार दिसत नाही. शब्दकोश उघडावा तर तिथे भट्टीत कोळसा घालण्याबद्दल लिहिलेलं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, हे कुणी नीट सांगत नाही आणि मग आपण प्रत्येक ठिकाणी ‘भडकवणे’ लिहून पुढे जातो.

मीही बरीच वर्षं तेच केलं. भाषांतराच्या कामात एकदा ‘द रूमर स्टोक्ड फिअर्स अमंग डिपॉझिटर्स’ असं वाक्य आलं. मी लिहिलं, ‘अफवेमुळे ठेवीदारांमध्ये भीती निर्माण झाली.’ मजकूर तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी ‘निर्माण’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले : ‘आधी नव्हती का?’ मूळ मजकुरात दोन परिच्छेद वर स्पष्ट म्हटलं होतं की ठेवीदार महिनाभर अस्वस्थ होते. माझ्या एका शब्दाने तो महिना पुसला गेला आणि सगळा दोष अफवेवर आला. तेव्हापासून हा शब्द मी जपून हाताळतो. ज्यांना तो नव्यानेच शिकायचा आहे त्यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीने लिहितो आहे.

पायरी १ : आधी विस्तव बघा

शब्दकोश बाजूला ठेवा आणि विझत आलेला विस्तव डोळ्यांसमोर आणा. वरून सगळी राख दिसते, पण हात जवळ नेला की धग लागते. आता काठी घ्या. राख हलवून खाली पाडली की निखाऱ्यांना हवा मिळते आणि त्यांचा रंग काळपट तांबड्यावरून नारिंगीवर येतो. विखुरलेले निखारे काठीने एकत्र ढकलले की एकाची धग दुसऱ्याला मिळते. मग दोन बारीक लाकडं सारायची, जमलं तर एक फुंकर घालायची. मिनिटभरात ज्योत उभी राहते.

या सगळ्या उद्योगाला इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘स्टोक’. यात काडेपेटी कुठेच लागली नाही, हे लक्षात ठेवा. आग तिथे होतीच. आपण तिला वाट दिली आणि खायला घातलं. या शब्दाच्या पुढच्या सगळ्या अर्थांची किल्ली इथे आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

ज्यांचं पोटच या कामावर होतं ते स्टोकर. वाफेच्या इंजिनात किंवा जहाजाच्या तळाशी बॉयलरपाशी उभं राहून भट्टीत फावड्याने कोळसा घालणारा माणूस म्हणजे स्टोकर. ब्रिटिश रेल्वेवर त्याला बहुधा फायरमन म्हणत. जहाजांवर आणि नौदलात स्टोकर हा शब्द रुळला. काम दिसायला अंगमेहनतीचं, पण त्यात मोठं कसब होतं. एकदम पुष्कळ कोळसा ओतला तर खालची आग दबते, कोळसा पुरता जळत नाही, धुराड्यातून दाट काळा धूर निघतो आणि वाफेचा दाब घसरतो. म्हणून शिकवण अशी असे की थोडा घाला, पण सारखा घाला, आणि भट्टीत सगळीकडे सारखा पसरा. मागच्या कोपऱ्यात फावडं पोहोचलं नाही तर तिथे कोळशाच्या थरात भगदाड पडतं आणि त्यातून गार हवा आत येते. दारही गरजेपुरतंच उघडायचं, कारण उघड्या दारातून आत शिरणारी हवा बॉयलरची उष्णता पळवते. जळलेल्या कोळशाचे वितळून घट्ट झालेले खडे जाळीवर बसले की खालून येणारी हवा कोंडते, म्हणून लांब सळईने ते फोडून काढावे लागत.

१९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजात २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या. दिवसाला सुमारे ६०० टन कोळसा त्यांत जात असे आणि तो सगळा माणसांच्या हातांनी, फावड्याफावड्याने जाई. वरच्या मजल्यांवर संगीत चालू असताना खाली शेकडो माणसं पाळ्या लावून हेच एक काम करत होती. ‘स्टोक’ म्हटलं की मला हीच माणसं आठवतात, आणि शब्दाचा अर्थही लगेच स्पष्ट होतो. आपोआप काही होत नाही. कुणीतरी तिथे उभं असतं आणि सारखं घालत असतं.

पायरी २ : शब्दाचं कूळ

इथे फार वेळ लागणार नाही, पण वगळू नका. डच भाषेत ‘स्टोकेन’ म्हणजे आग सारणे, आणि त्याच्याही मागे जुना अर्थ आहे काठी खुपसणे, ढोसणे. ‘स्टॉक’ म्हणजे डचमध्ये काठीच. इंग्रजीत सतराव्या शतकात आधी आला तो काम करणारा माणूस, स्टोकर. त्या शब्दाची शेपटी कापून क्रियापद नंतर तयार झालं. ‘एडिटर’वरून ‘एडिट’ झालं किंवा ‘बर्ग्लर’वरून ‘बर्गल’ झालं, तशीच ही उलट घडण आहे.

मराठी माणसाला हे कूळ परकं वाटायचं कारण नाही. भांडण लावणाऱ्याला आपणही ‘काड्या घालतो’ असंच म्हणतो. एका भाषेत काठी, दुसरीत काडी, आणि दोन्हीकडे विस्तव.

पायरी ३ : उच्चार आणि रूपं

स्पेलिंग एस-टी-ओ-के-ई. उच्चार एकाच दमात ‘स्टोक’. सुरुवातीला ‘इ’ लावून ‘इस्टोक’ करू नका. ‘ओ’ चांगला लांब ठेवा, कारण तो आखूड झाला की ऐकणाऱ्याला ‘स्टॉक’, म्हणजे साठा, ऐकू येतो.

भूतकाळी रूपाच्या शेवटी ‘ई-डी’ लागतं, पण ते ‘स्टोकेड’ असं दोन तुकड्यांत वाचायचं नाही. ‘क’नंतरचा ‘ड’ इंग्रजीत ‘ट’सारखा वाजतो, म्हणून बोलताना ‘स्टोक्ट’. ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘ई’ गळतो आणि ‘स्टोकिंग’ होतं. एवढं पुरे.

आता व्याकरणातली खरी अडचण. मराठीत आपल्याकडे जोड्या आहेत : पेटणे आणि पेटवणे, भडकणे आणि भडकवणे, वाढणे आणि वाढवणे. जोडीतलं पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. ‘स्टोक’ फक्त दुसऱ्या गटातलं आहे. त्यामुळे ‘शहरात तणाव भडकला’ हे सांगताना ‘टेन्शन्स स्टोक्ड इन द सिटी’ असं लिहिलं तर ते चूक ठरतं. तिथे ‘टेन्शन्स फ्लेअर्ड अप’ किंवा साधं ‘टेन्शन्स रोज’ (‘राइज’चा भूतकाळ) हवं. ‘स्टोक’ वापरायचं तर करणारा दाखवावाच लागतो : ‘द व्हिडिओ स्टोक्ड टेन्शन्स इन द सिटी.’ करणारा मागे न्यायचा असेल तर कर्मणी प्रयोग करा : ‘टेन्शन्स वेअर स्टोक्ड बाय द व्हिडिओ.’ नवशिक्यांच्या लिखाणात सर्वांत जास्त वेळा मला हीच चूक दिसते, आणि तिचं मूळ आपल्या सवयीत आहे. ‘भडकणे’ आणि ‘भडकवणे’ यांत फक्त एका ‘व’चं अंतर आहे, इंग्रजीत मात्र शब्दच बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट, क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काहीही घालू नका. ‘स्टोक ऑन अँगर’ नाही, ‘स्टोक टु फिअर’ नाही. थेट ‘स्टोक अँगर’, ‘स्टोक फिअर’.

पायरी ४ : काय जळतंय ते ठरवा

शब्दशः अर्थाने कर्म म्हणजे आग, भट्टी, बॉयलर, स्टोव्ह. वणव्याच्या बातम्यांत ‘स्ट्राँग विंड्स स्टोक्ड द वाइल्डफायर्स’ असं येतं. इथे वारा लाकूड घालत नाही, हवा पुरवतो. तरी शब्द बरोबरच आहे, कारण पहिल्या पायरीवर आपण पाहिलं की फुंकर हाही त्याच कामाचा भाग.

आजच्या इंग्रजीत मात्र दहा वेळा हा शब्द दिसला तर बहुतेक वेळा जळणारी वस्तू मनातली असते. भीती, राग, द्वेष, तणाव, असंतोष, मत्सर, वैर, संशय, वाद, अफवा, तर्कवितर्क हे त्याचे नेहमीचे सोबती. त्यांच्या मागे कोणतं शब्दयोगी लागतं तेही शब्दाबरोबरच पाठ करा. भीती कशाची ते सांगताना ‘स्टोक फिअर्स ऑफ अ रिसेशन’, आणि पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर ‘स्टोक फिअर्स दॅट...’. तणाव कुणाकुणात, तर ‘टेन्शन्स बिट्वीन’. राग किंवा द्वेष कुणाविरुद्ध, तर ‘रिझेंटमेंट टोअर्ड्स’ किंवा ‘हेट्रेड अगेन्स्ट’. वाद कशावरून, तर ‘डिबेट ओव्हर’. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा ही जोडी अखंड डोक्यात राहिली तर लिहिताना हात अडखळत नाही.

अर्थव्यवस्थेच्या लिखाणात ‘स्टोक इन्फ्लेशन’ आणि ‘स्टोक डिमांड’ सारखे भेटतात. चलनवाढ आधीच चालू आहे आणि एखाद्या निर्णयाने ती आणखी वाढेल, असं म्हणायचं असतं.

हा शब्द नेहमी वाईटच असतो का? नाही. ‘स्टोक क्युरिऑसिटी’, ‘स्टोक इंटरेस्ट’, ‘स्टोक द इमॅजिनेशन’, ‘स्टोक एन्थुझिअ‍ॅझम’ हे सगळं चालतं आणि त्यात निंदा नसते. चांगल्या शिक्षिकेने मुलीचं कुतूहल ‘स्टोक’ केलं म्हणजे मुलीत ते होतंच, बाईंनी ते विझू दिलं नाही. हा वापर मला विशेष आवडतो. पण एक सावधगिरी बाळगा : कर्त्याच्या जागी माणूस किंवा पक्ष आणि कर्माच्या जागी वाईट भावना आली, की वाक्यात आरोप येतो. ‘ही इज अक्यूज्ड ऑफ स्टोकिंग हेट्रेड’ यात हेतू गृहीत धरलेला आहे. कर्ता निर्जीव असेल, म्हणजे अहवाल, उन्हाळा, गळती झालेली फाइल, तर हेतूचा प्रश्नच येत नाही. कुणाबद्दल काही लिहिताना हा फरक डोळ्यांआड करू नका.

कर्माच्या जागी थेट माणूस बसवणं टाळा. ‘ही स्टोक्ड द क्राउड’ कानाला अर्धवट लागतं. जमावाचा राग ‘स्टोक’ होतो, जमाव नाही. माणसांना चिथावलं असं म्हणायचं असेल तर ‘इन्साइट’ घ्या : ‘ही इन्सायटेड द क्राउड टु व्हायलन्स.’

पायरी ५ : मराठीत आणताना

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द बोलण्यापेक्षा समजून घ्यायचा आणि मराठीत सांगायचा असतो.

मराठीत ‘स्टोक’ला एकच पर्याय नाही, आणि ती उणीव मानू नका. आपल्याकडे विस्तवाचं बारीकसारीक भान असलेले इतके शब्द आहेत की प्रत्येक वेळी नेमका निवडता येतो.

‘खतपाणी घालणे’ हा माझा पहिला आधार. प्रतिमा शेतातली आहे, पण आशय तंतोतंत : रोप आधीपासून आहे, कुणीतरी ते मुद्दाम, सारखं पोसतंय. ‘स्टोक रिझेंटमेंट’ला ‘असंतोषाला खतपाणी घालणे’ चपखल बसतं. ‘आगीत तेल ओतणे’ त्याहून तीव्र आणि एका झटक्याचं. एका भाषणाने, एका ट्वीटने परिस्थिती चिघळली तर ते वापरा. महिनोन् महिने चाललेल्या प्रचाराला ते शोभत नाही.

‘फुंकर घालणे’ वापरताना थोडं थांबा. हा आपल्या भाषेतला दुधारी शब्द आहे. निखाऱ्यावर फुंकर घातली की तो फुलतो आणि जखमेवर घातली की ठणका कमी होतो. ‘लोकांच्या वेदनेवर फुंकर घातली’ म्हणजे सांत्वन केलं. त्यामुळे ‘स्टोक’साठी फुंकर वापरायची असेल तर निखारा वाक्यात दिसलाच पाहिजे : ‘जुन्या वैराच्या निखाऱ्यावर त्यांनी फुंकर घातली.’ निखारा काढून नुसतं ‘वैरावर फुंकर’ लिहिलं तर वाचक गोंधळेल.

कुतूहल, भूक, आठवणी यांच्यासाठी ‘चाळवणे’ घ्या. भूक चाळवते, आठवणी चाळवतात, कुतूहल चाळवतं. विस्तवही चाळवता येतोच. आधीपासून असलेली पण स्वस्थ पडलेली गोष्ट हलवून जागी करणं हा त्याचा गाभा, आणि डच काठीचंही काम तेच होतं. ‘स्टोक क्युरिऑसिटी’ला मी याहून चांगला शब्द अजून पाहिलेला नाही.

महागाईच्या बाबतीत तर मराठी आधीपासूनच आगीची भाषा बोलते. भाव भडकतात, महागाई भडकते. ‘द मूव्ह कुड स्टोक इन्फ्लेशन’ याचं ‘या निर्णयाने महागाई आणखी भडकू शकते’ असं सहज होतं. ‘चलनवाढीला चालना मिळेल’ असं कधी कधी छापून येतं, ते मात्र खटकतं. चालना उद्योगाला द्यावी, संशोधनाला द्यावी. महागाईला चालना म्हटलं की ती हवीशी गोष्ट वाटते.

तर्कवितर्कांच्या बाबतीत मराठी आगीकडून समुद्राकडे जाते. ‘द फोटो स्टोक्ड स्पेक्युलेशन’ म्हणजे ‘त्या छायाचित्रामुळे चर्चांना उधाण आलं’. अफवा असतील तर त्यांना ऊत येतो. प्रतिमा बदलली तरी चालेल. समुद्रही आधीपासून असतो आणि उतू जाणारं भांडंही आधीपासून आचेवर असतं. आपल्याला जपायचं आहे ते हे ‘आधीपासून’.

म्हणूनच ‘निर्माण केली’, ‘पसरवली’, ‘सुरू केला’ हे शब्द ‘स्टोक’ला लावू नयेत. दुसरा काहीच मार्ग सुचला नाही तर ‘आणखी’ हा साधा शब्द मदतीला येतो. ‘भीती आणखी वाढली’, ‘तणावात आणखी भर पडली’. यात ना आग आहे ना धूर, पण अर्थ खरा राहतो. माझ्या त्या चुकलेल्या वाक्यात ‘अफवेमुळे ठेवीदारांची भीती आणखी वाढली’ एवढंच लिहायला हवं होतं.

वाक्याची ठेवणही बदलावी लागते. इंग्रजीत अहवाल, आकडे, ऊन हे सगळे कर्ते होऊन ‘स्टोक’ करतात. मराठीत ‘अहवालाने भीती भडकवली’ म्हटलं की अहवालाला हातपाय फुटल्यासारखे वाटतात. कर्ता निर्जीव असेल तर ‘-मुळे’ लावा आणि क्रियापद आपोआप होणारं घ्या : ‘अहवालामुळे भीती वाढली.’ कर्ता माणूस असेल तर करणारं क्रियापद ठेवा : ‘त्यांनी असंतोषाला खतपाणी घातलं.’ तिसऱ्या पायरीवर जी जोडी अडचण होती, तीच इथे सोय होते.

पायरी ६ : शेजारपाजारचे शब्द

विस्तवाच्या सगळ्या अवस्थांसाठी इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवला तर ‘स्टोक’ची जागा पक्की होते.

‘इग्नाइट’ म्हणजे पेट घेणे किंवा पेटवणे. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी पडणे. ‘किंडल’ म्हणजे बारीक काटक्यांवर हळूहळू आग धरवणे, आपलं ‘चेतवणे’. या तिघांच्या आधी आग नसते. मग ‘फीड’, ‘टेंड’ आणि ‘स्टोक’ येतात. ‘टेंड’ शांत आहे, नुसतं लक्ष ठेवणं. ‘फॅन’ म्हणजे वारा घालणं, त्यावरून ‘फॅन द फ्लेम्स’. ‘फ्यूल’ म्हणजे इंधन पुरवणं. बातम्यांत ‘फ्यूल’ आणि ‘स्टोक’ एकमेकांच्या जागी सर्रास येतात, आणि बहुतेक वेळा ते चालून जातं. मला जाणवणारा फरक इतकाच की ‘स्टोक’मध्ये कुणीतरी जवळ उभं राहून काठी हलवत असल्याचा भास आहे, ‘फ्यूल’मध्ये तो नाही.

सगळ्यांत गोड शब्द ‘बँक’. ‘बँक द फायर’ म्हणजे रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवणे, सकाळी पुन्हा फुलवता यावेत म्हणून. रात्रीचं ‘बँक’ आणि सकाळचं ‘स्टोक’ हे एकाच दिनक्रमाचे दोन तुकडे आहेत. शेवटी ‘स्मदर’ म्हणजे हवा कोंडून विझवणे आणि ‘डाउस’ म्हणजे पाणी ओतून विझवणे.

‘प्रोव्होक’ वेगळ्याच गावचं. त्यात आगीचा संबंध नाही. ते माणसालाही लागतं आणि प्रतिक्रियेलाही, आणि ती प्रतिक्रिया शून्यातूनही उठू शकते. भावना आधीपासून होती की नाही याची खात्री नसेल तर ‘स्टोक’ऐवजी ‘प्रोव्होक’ घेणं जास्त प्रामाणिक.

पायरी ७ : ‘अप’ जोडलं की

‘स्टोक अप’ म्हणजे बहुधा तेच, थोडं जोर देऊन : ‘स्टोक अप द बॉयलर’, ‘स्टोक अप ट्रबल’. ब्रिटिश बोलण्यात आणखी एक अर्थ आहे, पोटाची भट्टी भरून घेणं. थंडीत लांब चालायला निघण्याआधी भरपेट खाऊन घ्या, हे सांगायला ‘स्टोक अप’ म्हणतात, आणि काय खायचं ते ‘ऑन’ लावून पुढे जोडतात. इथे ‘स्टॉक अप ऑन’शी घोटाळा होतो. ‘स्टॉक अप’ म्हणजे कपाटात साठा करणे, ‘स्टोक अप’ म्हणजे पोटात. लिहिताना ‘के-ई’च्या जागी ‘सी-के’ पडलं तर अर्थ पोटातून कपाटात जातो.

पायरी ८ : ‘आय अ‍ॅम स्टोक्ड’

आता तो खेळाडू. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी चालवणाऱ्या मंडळींच्या बोलीत ‘स्टोक्ड’ हा शब्द आला, तिथून स्केटबोर्डवाल्यांकडे गेला आणि हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसला. अर्थ : प्रचंड खूश, उत्साहाने नुसता रसरसलेला. भट्टी पूर्ण भरली आहे आणि आतून धग येते आहे, असं म्हणा. मराठीत ‘जाम खूश आहे’, ‘अंगात वारं भरलंय’ जवळचं वाटतं.

रचना सोपी आहे. ‘स्टोक्ड अबाउट द ट्रिप’, ‘स्टोक्ड टु बी हिअर’, ‘स्टोक्ड दॅट वी वन’. ‘सो’ आणि ‘सुपर’ त्याच्याआधी सर्रास येतात. काही जण नुसतं ‘द स्टोक’ असं नामही वापरतात, तो सगळा आनंद एका शब्दात मावावा म्हणून.

पण हा शब्द मित्रांचा आहे. नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम स्टोक्ड टु अप्लाय’ लिहू नका. तिथे ‘एक्सायटेड’ही जपून वापरावं, ‘प्लीज्ड’ किंवा ‘कीन’ बरं. वाचताना दोन ‘स्टोक्ड’ ओळखायची खूण अशी : मागे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ आणि पुढे ‘अबाउट’ किंवा ‘टु’ असेल आणि कर्ता माणूस असेल तर आनंद. पुढे थेट भावना किंवा ‘बाय’ असेल तर विस्तव.

पायरी ९ : फसवी नावं

इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर आणि तिथला स्टोक सिटी फुटबॉल क्लब यांचा भट्टीशी संबंध नाही, जरी ते शहर भांडी भाजण्याच्या भट्ट्यांसाठीच प्रसिद्ध असलं तरी. गावांच्या नावांतला ‘स्टोक’ जुन्या इंग्रजीतल्या ‘स्टोक’वरून आला, अर्थ वस्ती किंवा ठिकाण. बेन स्टोक्स या क्रिकेटपटूचं आडनाव त्याच गावनावांच्या घराण्यातलं. द्रवाच्या घट्टपणाचं ‘स्टोक्स’ हे एकक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून आहे. ही नावं पाहून अर्थ लावत बसू नका.

दोन जणांनी मागेपुढे बसून चालवायच्या सायकलीवर मागच्याला मात्र खरोखरच ‘स्टोकर’ म्हणतात. पुढचा दिशा ठरवतो, मागचा नुसता जोर लावतो. जहाजाच्या पोटातला तो कोळशाने माखलेला माणूस असा सायकलीवर येऊन बसला आहे.

‘स्ट्रोक’ आणि ‘स्टोक’ यांचीही एक गफलत होते. ‘स्ट्रोक समवन्स ईगो’ म्हणजे कुणाचा अहंकार गोंजारणे, ही ठरलेली रचना. ‘आर’ गळून ‘स्टोक’ झालं तर गोंजारण्याच्या जागी विस्तव चाळवणं येतं. तेही अगदीच निरर्थक ठरत नाही, पण म्हणायचं होतं ते राहून जातं.

पायरी १० : हात बसवा

खालच्या वाक्यांचं मराठी आधी स्वतः करा, मग पुढे वाचा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारा : आग आधीपासून होती का, काठी कुणाच्या हातात आहे, आणि जळतंय काय.

‘द ड्राउट स्टोक्ड अँगर अमंग फार्मर्स.’ काठी दुष्काळाच्या हातात, म्हणजे निर्जीव. ‘-मुळे’ घ्या. ‘दुष्काळामुळे शेतकऱ्यांचा राग आणखी वाढला.’

‘पॉलिटिशियन्स हॅव स्टोक्ड द डिस्प्यूट फॉर इअर्स.’ काठी माणसांच्या हातात आणि काम वर्षानुवर्षांचं, म्हणून तेल नको. ‘राजकारणी वर्षानुवर्षं या वादाला खतपाणी घालत आले आहेत.’

‘हर अंकल्स स्टोरीज स्टोक्ड हर लव्ह ऑफ द सी.’ निंदा नाही, चाळवणंही थोडं कमी पडतं, कारण इथे वर्षानुवर्षांची माया आहे. मी ‘काकांच्या गोष्टींनी तिची समुद्राची ओढ वाढवत नेली’ असं लिहीन. आता शंका अशी की ते काका की मामा? इंग्रजी सांगत नाही, मागचा मजकूर शोधावा लागेल.

‘शी गॉट अप ट्वाइस टु स्टोक द फायर.’ इथे कसलंही रूपक नाही. ‘विस्तव सारायला ती रात्रीतून दोनदा उठली.’ मूळ वाक्यात रात्र नाही, ती मी घातली, म्हणून ती काढून टाकतो : ‘विस्तव सारायला ती दोनदा उठली.’